आमची अर्धी गाडी

गाडी अर्धी आमची होती, हे नाचणगावात कोणालाच कधी पटलं नाही. ती गाडी विकून किती तरी वर्षं झाली, आता भंगारातही उरली नसेल. पण अजून कोणी म्हातारा ओट्यावर बसून जुन्या गोष्टी काढतो तेव्हा "धाकट्याची पांढरी गाडी" असंच म्हणतो. धाकटा म्हणजे माझा दीर. थोरला म्हणजे माझा नवरा. थोरल्याची गाडी असं एकदाही कोणाच्या तोंडून निघालं नाही. म्हणून मी हे लिहून ठेवते. मी चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यात जमेल तसं.

दोघा भावांचं वर्ध्याला मिळून एक दुकान होतं. खिळे, कड्या, बिजागऱ्या, तारेची जाळी, पाण्याचे पाइप. दुकान एक, पण सासूच्या हयातीतच चुली दोन झाल्या होत्या. रोज सकाळी दोघं सायकलनं पुलगाव स्टेशनला जायचे, स्टँडवर सायकली ठेवायचे, पॅसेंजरनं वर्धा गाठायचे आणि संध्याकाळी तसेच परत. आमच्याकडे याला अपडाऊन म्हणतात. शिक्षक, कारकून, दुकानदार, सगळे अपडाऊनवाले. त्यांच्या बायकांचं अर्धं आयुष्य डबे भरण्यात जातं.

पंचाण्णव-शहाण्णवच्या सुमारास पॅसेंजर रोजच उशिरा यायला लागली आणि भावांनी गाडी घेतली. नागपूरच्या एका डॉक्टरनं वापरलेली, पांढरी, लहानशी. पैसे दोघांनी सारखे घातले. चालवायला दीर शिकला. माझ्या नवऱ्याला मी म्हटलं, तुम्हीही शिका. ते म्हणाले, "एका गाडीले दोन डायवर कायले पायजे?" तिथंच पहिलं पाऊल चुकलं.

दुसरी चूक माझीच होती, आणि तीही जुनी. वाटणीच्या वेळी सासूनं आधी मला विचारलं होतं, कोणतं घर पाहिजे. सडकेवरचं की मागच्या गल्लीतलं. मी मागचं घेतलं, कारण विहीर मागच्या अंगणात होती. तेव्हा मी जावेला मनातल्या मनात हसले होते. आता बस म्हणावं, पाणी ओढत. पुढं नळ आले, विहिरीत कोणी बादलीही टाकेना. आणि गाडी आली ती सडकेवरच्या दारात उभी राहिली. माझ्या गल्लीत एका बाजूला नाली, दुसऱ्या बाजूला माझा ओटा. मधून बैलगाडीसुद्धा अंग चोरून जायची.

गाडी तिच्या दारात, म्हणून गाडी तिची. जाऊ रोज सकाळी गाडी पुसायची. झाकायला तिनं काय घेतलं, तर सासूचं हिरवं लुगडं. ते लुगडं मी सासूच्या पेटीत कितीदा हात लावून पाहिलं होतं. सासूनं ते धाकटीला दिलं आणि धाकटीनं गाडीला नेसवलं.

सकाळी नऊ वाजता दीर माझ्या गल्लीच्या तोंडाशी दोनदा हॉर्न वाजवायचा, की माझा नवरा डबा घेऊन पळत सुटायचा. आपल्याच गाडीला असं पळत जाऊन गाठायचं? मी म्हणायची, थांबू द्या जरा. तर म्हणायचे, "मास्तर लोकाईची शाळा राहते." गाडीत दोन मास्तरही यायचे, देवळीच्या फाट्यावर उतरायचे, पेट्रोलमध्ये थोडा हात लावायचे. ते जावेला नमस्कार करायचे, तिच्या हातचा चहा घ्यायचे. मी रस्त्यात भेटले तर त्यांना मी कोण हेसुद्धा आठवायचं नाही.

दसऱ्याला गाडीची पूजा. मी थोरली, पूजेचा मान माझा. मी तयारी करून, ताट घेऊन गेले, तर जाऊ झेंडूचा हार घालून मोकळी झालेली.

"या बाई, या. झालीच आमच्या गाडीची पूजा."

"आमच्या म्हंजे कोनाच्या वं?"

"आपल्या म्हना. शब्द काऊन धरता?"

"धरून नाई राह्यली. इचारून राह्यली."

"मंग हे घ्या," तिनं निरांजन माझ्या हातात दिलं, "तुमी मागच्या बाजूनं ओवाळा. तिकडून कोनी नाई ओवाळलं."

मी मागच्या बाजूनं ओवाळलं. धुराचा पाइप असतो तिथं.

दोन-तीन वर्षं अशीच गेली. मग माझ्या मुलीला स्थळं यायला लागली. आर्वीचं एक स्थळ चांगलं वाटत होतं. मुलाचा बाप कापसाच्या बाजारात मापारी, मुलगा देवळीच्या शाळेत मास्तर, तोही रोज एसटीनं अपडाऊन करणारा. रविवारी येतो असा त्यांचा निरोप आला.

मी तेव्हाच ठरवलं. त्या रविवारी गाडी माझ्या दारात उभी राहिली पाहिजे. एका दिवसापुरती का होईना, लोकांनी ती माझ्या दारात पाहिली पाहिजे. मुलीचं भलं होईल असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं सांगायचं तर मुलगी निमित्त होती.

जावेकडे गेले. ती भाजी निवडत होती.

"रविवारी गाडी माह्या दारात पायजे."

"काऊन?"

"पोरीले पाहाले येऊन राह्यले."

"पोरीले पाहाले येऊन राह्यले का गाडीले?" ती वर न पाहता म्हणाली. "गाडी नका दाखवू बाई. गाडी पाह्यली का समोरच्याचं तोंड मोठं होते. पोरगी राहते बाजूले."

"तुले द्याची नसन त तसं सांग."

"माह्यापाशी काय हाय द्याले? चाबी त्याईच्यापाशी राहते."

"अर्धी माही हाय. मी मागून नाई राह्यली, सांगून राह्यली."

"बरं," ती म्हणाली आणि मेथीची जुडी सोडायला लागली. "पन गल्लीत घुसन कशी?"

तो विचार मी आधीच केला होता. शुक्रवारी दोघं भाऊ दुकानात गेल्यावर मी मिस्त्री बोलावला आणि माझा ओटा फोडायला लावला. सासऱ्यांनी बांधलेला दगडी ओटा होता. संध्याकाळी गल्लीतल्या बाया त्याच्यावर बसायच्या, उन्हाळ्यात पापड वाळायचे, भाजीवाली टोपली त्याच्यावर टेकवायची. मिस्त्रीला दिवस लागला. समोरची म्हातारी दारात येऊन म्हणाली, "काय वं माय, घर पाडून राह्यली काय?" मी म्हटलं, "नाई, जागा करून राह्यली." तिनं विचारलं, "कायले?" मी सांगितलं, "गाडीले." ती आत निघून गेली.

संध्याकाळी नवरा आला आणि रोजच्या सवयीनं पाय उचलून ठेवला, तर खाली ओटाच नव्हता. पडता पडता भिंत धरली.

"ओटा कुठी गेला?"

"गाडीसाठी काढला."

"माह्या बापानं बांधला होता तो."

"तुमच्या बापानं गाडी नव्हती पाह्यली."

 जेवताना एवढंच म्हणाले, "आता घरात चढाचं कसं?" ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. उंबरठा जमिनीपासून हात-दीड हात वर लटकत होता. मग एक लाकडी खोकं उलटं करून ठेवलं.

रविवारी सकाळी दिरानं गाडी गल्लीत घातली. मागं-पुढं, मागं-पुढं करत. गल्लीतली पोरं ओरडत होती, "काका, अजून या, अजून या." एका ठिकाणी विजेच्या खांबाला आरसा घासला. दिराचं तोंड उतरलं. गाडी बरोबर माझ्या दारासमोर उभी राहिली. त्याच्या बाजूचं दार समोरच्या भिंतीला लागलं, उघडेना. तो सरकत सरकत दुसऱ्या दारानं बाहेर आला. मी घरातून पाहत होते. उभी तर राहिली. समोरची म्हातारी दारात आली होती, तिच्याकडे मी मुद्दाम पाहिलं.

जाऊ आली नाही. पोह्यांसाठी शेंगदाणे तेवढे भाजून पाठवले.

पाहुणे ऑटोनं आले. मुलगा, त्याचा बाप, त्याची आई. गाडीमुळे ऑटो गल्लीच्या तोंडाशीच थांबला. मग ते तिघं गाडी आणि माझी भिंत यांच्या मधून एकामागं एक आडवे होऊन आले. मुलाच्या आईचे गुडघे दुखत होते. खोक्यावर चढायला तिला दोघांनी दोन्हीकडून धरलं. माझ्या मुलीनं हे खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "आई, दार तर तू बंदच करून टाकलं." मी म्हटलं, "तू पोहे पाहा."

मुलाच्या बापाची नजर मापाऱ्याचीच होती. बसल्या बसल्या घराच्या भिंती, पंखा, टीव्ही, सगळं तोलून घेतलं. मग दाराबाहेर पाहिलं.

"गाडी कोनाची म्हनाची?"

माझा नवरा तोंड उघडणार, एवढ्यात मी आतल्या दारातून बोलले, "आमचीच हाय."

दीर तिथंच खाटेवर बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. ताटलीतल्या पोह्यांकडे पाहिलं.

"मंग त वर्ध्याले रोज गाडीनंच?"

"रोज," मी म्हणाले. "आमच्या घरी आता कोनी एसटीत पाय नाई ठेवत."

हे शेवटचं बोलायची गरज नव्हती. बोलताना मला बरं वाटत होतं, म्हणून बोलले.

मुलगी आली, पोहे दिले, दोन-चार प्रश्न झाले. मुलगा साधा होता, खाली पाहून हसत होता. सगळं ठीक चाललं होतं. मुलगी आत गेल्यावर त्याच्या बापानं मिशीवरून हात फिरवला.

"पोरगी पसंत हाय आमाले. हुंड्याचं आमी काई बोलत नाई, तो रिवाज आमच्यात नाई. पन आता पाहा, आमचं पोरगं रोज एसटीत लटकून जाते. सासऱ्याच्या दारात गाडी अन् जावई फाट्यावर उभा, हे बरं दिसते काय? नवी नाई मागत आमी. हेच चालते."

 दिरानं ताटली खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाला, "गाडी वहिनीची हाय. त्याईलेच इचारा."

आयुष्यात मला कोणी थोबाडीत मारली नाही. तेव्हा मारल्यासारखी वाटली. माझ्या तोंडून निघालं, "अर्धी हाय. अर्धी याईची हाय."

"अर्धी?" मापारी हसला. "कोनती अर्धी वो बाई? इंजनाची का डिक्कीची?"

मुलाची आई पदरात हसली. मुलगाही हसला. मग बाप एकदम गंभीर झाला. "आत्ताच त पुरी आमची म्हनत होत्या. पोरगी तरी पुरी तुमचीच हाय नं? का तिचंही काई अर्धं-निमं हाय?"

माझा नवरा कधी आवाज चढवून बोलायचा नाही. तेव्हाही चढवला नाही. उठून उभा राहिला आणि म्हणाला, "चहा झाला नं तुमचा? मंग निघा आता. ऑटो जाईन."

ते गेले. मुलाच्या आईला खोक्यावरून उतरवायला या वेळी आमच्यापैकी कोणी हात दिला नाही. गाडीच्या कडेनं जाताना मापारी छतावर थाप मारून गेला, जशी बाजारात कापसाच्या गठाणीवर मारतात.

दिरानं लगेच गाडी काढली आणि आपल्या दारात नेली. जाताना त्याच खांबाला तोच आरसा पुन्हा घासला.

जाऊ मला काही बोलली नाही. आठ दिवस मी वाट पाहिली. ती म्हणेल, मी सांगितलं नव्हतं काय. म्हटलं असतं तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. ती नुसती "भाजी काय केली" एवढं विचारायची. मुलगी मात्र एक दिवस म्हणाली, "काकूनं आधीच सांगितलं होतं तुला." मी तिला म्हटलं, काकूच्या घरी जाऊन राहा मग. जावेजवळ गाडी होती, सडक होती, लुगडं होतं. आता तिचं म्हणणंही खरं निघालं. गाडी अर्धी वाटून घेता येते, हे वाटून घेता येत नव्हतं.

ओटा पुन्हा बांधला नाही. नवऱ्यानं दुकानातून माणूस आणून एक फरशी तेवढी बसवून घेतली. गल्लीतल्या बाया संध्याकाळी कुठं बसायच्या? सडकेवर, जावेच्या ओट्यावर. गाडीच्या शेजारी. तिच्या ओट्याला पाठही होती टेकायला.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरं स्थळ आलं. सेलूकडची माणसं, भाजीपाल्याची शेती, मुलगा कारखान्यात कामाला. तेही रविवारीच येणार होते. या वेळी मी गाडीचं नावही काढलं नाही. सकाळी भाजी आणायला सडकेवर गेले, तर जावेच्या दारात गाडी नव्हती. लुगडं घडी करून ओट्यावर ठेवलेलं.

तिच्या सासुरवाशीण मुलीनं सांगितलं, माहेरी आली होती ती, "आई-बाबा केळझरले गेले. गनपतीच्या दर्शनाले."

"आज? पाहुने येऊन राह्यले अन् आज?"

"म्हनूनच त गेले, मोठी आई," ती म्हणाली. "गाडी घरी नसली पायजे म्हने."

मला कोणी सांगितलं नव्हतं.

पाहुणे आले. फरशीवर पाय ठेवून सहज आत आले. गल्ली मोकळी होती. मुलाच्या बापानं विचारलं, दुकानाला जाणं-येणं कसं? माझा नवरा, जो जन्मात खोटं बोलला नाही, तो म्हणाला, "पॅसेंजरनं. आमी अपडाऊनवाले." एवढं सफाईनं म्हणाला, की मी ओळखलं, हे शिकवलेलं आहे. आणि कोणी शिकवलं असेल, तेही ओळखलं. मुलीकडे पाहिलं, तिनं मान खाली घातली. म्हणजे तिलाही माहीत होतं. माझ्या घरातली सगळी माणसं जावेशी बोलून तयार होती. मी एकटी पोहे ढवळत होते.

लग्न जमलं. त्यांनी काही मागितलं नाही. पुढं त्यांना गाडीचं कळलंच, तरीही मागितलं नाही. चांगली माणसं निघाली.

संध्याकाळी जाऊ केळझरचा प्रसाद घेऊन आली.

"जमलं नं बाई?"

"जमलं."

"गनपती पावला."

मी म्हटलं, "गनपती पावला का तू पावली?"

"कोनी का पावो," ती म्हणाली, "पोरगी चांगल्या घरी चालली." आणि प्रसाद माझ्या हातावर ठेवून गेली. तिचे आभार मानायला पाहिजे होते. मी मानले नाहीत. अजूनही मानलेले नाहीत, आणि ती आता या जगात नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी ती पुन्हा आली. बिदाईला गाडी सजवायची होती. दीर बाहेर उभा होता, चाबी हातात. जाऊ म्हणाली, "याईनं खांब मोजून घेतला. आता घासत नाई. गाडी तुमच्या दारात लावतो बाई. पोरगी तुमच्या दारातून निघाली पायजे."

हेच मला हवं होतं. इतकी वर्षं हवं होतं. त्याच्यासाठी मी सासऱ्याचा ओटा फोडला होता. आणि ती ते असं दारात आणून देत होती, हातावर प्रसाद ठेवल्यासारखं. मला ते तिच्या हातून नको होतं.

मी म्हटलं, "राहू द्या तुमच्याच दारात. आमची गल्ली लहान हाय."

"बाई, असं नका करू."

"सांगितलं नं, राहू दे."

ती फरशीवरून खाली उतरली. मग दिराला म्हणाली, "चला."

दुसऱ्या दिवशी माझी मुलगी माझ्या घरातून निघाली, तेव्हा दारात गाडी नव्हती. तिला शालूत चालत गल्ली ओलांडून सडकेपर्यंत जावं लागलं. नाली ओलांडताना तिनं शालू वर धरला. जावेच्या दारात गाडी फुलांनी झाकलेली होती. तिथं सगळं गाव जमलं होतं, तिच्या ओट्यावर बायांना उभं राहायला जागा नव्हती. मुलगी आधी माझ्या गळ्यात पडली, मग काकूच्या. काकूच्या गळ्यात जास्त वेळ होती. मी मोजलं.

मग ती आत बसली, तिचा नवरा बसला, दिरानं गाडी चालू केली. मी गाडीच्या अगदी जवळ होते, काचेला हात लावून. मागून गर्दीतल्या एका बाईनं माझ्या खांद्याला हात लावला. परगावची असावी, मला ओळखत नव्हती.

"सरका वं बाई," ती म्हणाली. "घरच्यांले पाहू द्या."

मी सरकले.